हनोई : एक अधिकृत परिचय

झिंडेलफिंगेन परिसर मराठी पर्यटक संघाची नोंदणी जर्मन कायद्यानुसार झालेली असल्यामुळे संघाला सहलींपेक्षा सभाच जास्त घ्याव्या लागत. २००७ सालच्या सहलीसाठी व्हिएतनामची राजधानी हनोई एकमताने निवडण्यात आली. इटली आणि स्पेन यांना समसमान मतं पडली होती, आणि हनोईविषयी कोणाचंच काही मत नव्हतं. त्यामुळे एकमत सोपं गेलं.

संघाचे अध्यक्ष वासुदेव करमरकर मोटारींच्या कारखान्यात ब्रेक-चाचणी विभागात होते. चालती गाडी थांबलीच पाहिजे, हा त्यांच्या नोकरीचा आणि हळूहळू स्वभावाचाही भाग झाला होता. शहराचा अधिकृत परिचय करून दिल्याशिवाय सहल निघणार नाही, असा ठराव त्यांनी मंजूर करून घेतला. परिचयासाठी हृषिकेशला बोलावलं. तो श्टुटगार्टला पीएच.डी. करत होता आणि पाणीपुरवठ्याच्या अभ्यासासाठी वर्षभर हनोईत राहून आला होता. त्या शहरावर त्याचा जीव होता. त्याने मनापासून भाषण लिहिलं आणि ते तपासून घेण्यासाठी तो करमरकरांच्या घरी गेला. सचिव कुंदाताई लाल पेन घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या.

"हे छत्तीस गल्ल्यांचं काय आहे?" वासुदेवरावांनी विचारलं.

"जुन्या पेठा आहेत, काका. एका गल्लीत चांदी, एकीत रेशीम, एकीत नुसते कागदी कंदील."

"म्हणजे खरेदी. पुरुष सभासद हरकत घेतील. काढा."

"बरं. मग तलावातल्या कासवाची गोष्ट? युद्ध संपल्यावर राजाने तलवार कासवाला परत दिली, अशी आख्यायिका आहे."

"लहान मुलं असणार. शस्त्र नको," कुंदाताई म्हणाल्या. "आणि हे फो म्हणजे?"

"नूडल्सचं सूप. बीफचं असतं, पण..."

कुंदाताईंनी 'पण'सकट वाक्य खोडलं.

शेवटी रस्त्याचा विषय निघाला. "तिथे स्कूटरींचा लोंढा असतो," हृषिकेश म्हणाला. "रस्ता ओलांडताना थांबायचं नाही, पळायचंही नाही. संथ चालत राहायचं. लोक आपल्याला वळसा घालून जातात."

वासुदेवरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "आल्झो, तर मग हे संघाला सांगता येणार नाही. कोणाला धक्का लागला तर हाफ्टुंग, कायदेशीर जबाबदारी, कोणाची? भरपाई आपल्या बोडक्यावर बसेल." वाक्यात दुरुस्ती झाली : रस्ता पूर्ण मोकळा झाल्याखेरीज कोणीही तो ओलांडू नये.

परिचयात आता हवामान, विजेचा प्लग, नळाचं पाणी न पिणे आणि हॉटेलशेजारचं इंडियन रेस्टॉरंट एवढं उरलं. भाषण अतिशय यशस्वी झालं. असा सखोल परिचय पूर्वी झाला नव्हता, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. वासुदेवरावांच्या पत्नी अहिल्याबाई तेवढ्या हृषिकेशच्या मागोमाग स्टेशनवर गेल्या. "अरे, पण ते शहर आहे कसं?" त्यांनी विचारलं. तो सांगत बसला. समोरून एस-बानच्या लोकल गाड्या येत-जात राहिल्या.

हनोईत पहिल्या सकाळी न्याहारी करून मंडळी फुटपाथवर उभी राहिली. समोरून स्कूटरी येत होत्या. एकीवर चौघांचं कुटुंब होतं, एकीवर कपाट, एकीवर जिवंत डुक्कर.

"कामावर जायची वेळ दिसते," वासुदेवराव म्हणाले. "जरा थांबू."

मंडळी दुपारपर्यंत थांबली. दुपारी लोक जेवायला निघाले, संध्याकाळी घरी निघाले, आणि त्यानंतर सगळं शहर हवा खायला निघालं. रस्ता काही मोकळा होईना. मात्र हॉटेलच्या बाजूलाच इंडियन रेस्टॉरंट, बँक आणि पिशव्यांचं दुकान असल्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. पलीकडच्या देवळाचे फोटो झूम करून काढता आले.

दुसऱ्या सकाळी अहिल्याबाई म्हणाल्या, "अहो, मी जरा जाऊन येते."

"नियम तू ऐकलेला आहेस."

"ऐकलाय ना."

त्यांनी लेकीचा, शिवांगीचा, हात धरला आणि पाय खाली टाकला. झिंडेलफिंगेनमध्ये रविवारी चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरही लाल दिव्यापाशी उभं राहायची त्यांना सवय होती. पहिली स्कूटर समोरून गेली, दुसरी मागून. तिसरीवरच्या बाईने मान हलवून हसून वाट दिली. मग अहिल्याबाईंनी मोजदाद सोडली आणि नुसत्या चालत राहिल्या.

"पापा, कॉम! या ना!" पलीकडून शिवांगीने हाक मारली.

वासुदेवरावांनी पाय उचलला आणि परत ठेवला. ते घाबरले नव्हते. ते अध्यक्ष होते.

उरलेले दिवस मायलेकींनी शहर पालथं घातलं. कंदिलांची गल्ली पाहिली, अंड्याची कॉफी प्यायल्या. जुन्या विद्यामंदिरात दगडी कासवांच्या पाठीवरच्या शिळांवर पूर्वीच्या पंडितांची नावं कोरलेली होती. तिथली मुलं परीक्षेत यश मिळावं म्हणून कासवाच्या डोक्यावर हात ठेवत होती. अहिल्याबाईंनी हृषिकेशच्या रखडलेल्या थीसिससाठी ठेवला. रात्री जेवताना त्या सगळं सांगत. मंडळी कौतुकाने ऐकत आणि पनीर पुढे सरकवत.

परतल्यावर अहवालाची सभा झाली. "हनोई हे सुटसुटीत शहर आहे," वासुदेवरावांनी पडद्यावर फोटो दाखवत सांगितलं. "सर्व काही एकाच बाजूला आहे." अहवाल टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अहिल्याबाईंचं बोलणं 'वैयक्तिक अनुभव, संघ सहमत असेलच असे नाही' अशा शेऱ्यासह नोंदवण्यात आलं.

त्या दिवशी घरी भांडी पुसताना वासुदेवराव हळूच म्हणाले, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना."

"मग?"

"मग पलीकडे पोचले."

ते बराच वेळ तीच ताटली पुसत राहिले.

त्यानंतर मात्र हनोईला जाणाऱ्यांची रीघ लागली. पार इंगोलश्टाटहून फोन येऊ लागले. अहिल्याबाईंना सगळे आवर्जून सांगतात, "वहिनी, काय धाडस हो तुमचं." मग वासुदेवरावांना बाजूला घेऊन हॉटेलचं नाव विचारतात.

हे वाचून आपणही जायचा विचार करत असाल, तर हृषिकेश आणि अहिल्याबाई दोघंही भरपूर वेळ देऊन शहराविषयी सांगायला तयार आहेत. आपल्याला त्या इंडियन रेस्टॉरंटचा पत्ता हवा असल्यास तोही मिळेल. तो आम्ही आधीच काढून ठेवला आहे.