फक्त फुलझाडं नेणारा चोर

झाशीत खासगी गुप्तहेर किती आहेत याची मोजदाद कुणी केलेली नाही. माझ्या माहितीप्रमाणे एकच आहे आणि तो आत्ता बनियनवर हे लिहीत बसला आहे. मी विद्याधर दामले. चौतीस वर्षं इथल्या एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या भांडारात नट आणि बोल्ट वेगवेगळ्या खणांत लावले आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी गुन्हेशास्त्राकडे वळलो. माणसाच्या चपलांवरून मी त्याचं गाव ओळखतो. गाव बहुतेक वेळा चुकतं, पण ओळखायला मी एक मिनिटसुद्धा लावत नाही. झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या गल्लीत मी आजवर तीन प्रकरणं हाताळली. त्यातलं सर्वांत गाजलेलं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या पावलांचं गूढ. आमच्या घराला वरचा मजलाच नाही, हे तपासाच्या चौथ्या दिवशी बायकोने लक्षात आणून दिलं.

चौथं प्रकरण हरतालिकेच्या दिवशी भर दुपारी माझ्याच मागच्या ओसरीवर घडलं.

आमची मुलगी आभा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जन्म झाशीचा, त्यामुळे मराठी तिला सगळी कळते, पण बोलताना अर्ध्या वाटेत हिंदी येऊन बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिची वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. वीस ताजे नमुने, प्रत्येकाला शास्त्रीय नावाची चिठ्ठी, आणि सगळे गटवार मांडून दाखवायचे. दोन दिवस पोरगी वणवण फिरली. लक्ष्मी ताल या तळ्यावरून शेवाळ आणलं, किल्ल्याकडच्या ओल्या भिंतीवरचं मॉस खरवडलं, फाटकाफाटकांतून डहाळ्या मागितल्या. सगळं ओल्या फडक्याखाली टोपलीत घालून तिने ओसरीवर ठेवलं होतं.

दुपारी एकला ती कॉलेजातून आली आणि ओसरीवरून किंचाळली.

"बाबा! मेरे प्लांट्स कुठे गेले?"

टोपलीत वीसपैकी चार उरले होते. शेजारी फडकं पडलं होतं, व्यवस्थित घडी घातलेलं.

"कल सर को क्या दिखाऊँ? नमुने नसले तर पेपर पुढच्या वर्षी परत द्यावा लागतो. दीनानाथ सर किसी की नहीं सुनते." एवढं बोलून ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. मला तिचं रडणं बघवत नाही. गुप्तहेरात हा मोठाच दोष आहे.

घरात दुसरं कुणी नव्हतं. माझी बायको लीला सकाळीच पूजा आटोपून मैत्रिणींबरोबर लक्ष्मी तालावर महालक्ष्मीच्या दर्शनाला गेली होती आणि तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. सूत्रं आपोआप माझ्या हाती आली.

"काय उरलंय ते सांग," मी भिंग काढत म्हटलं.

"शेवाळ, मॉस, नेचा और मोरपंखी." आभाने नाक पुसलं. "शेवाळाला मूळ, खोड, पान असं काही नसतंच. मॉसला असल्यासारखं दिसतं, पण आत पाणी वर नेणाऱ्या नळ्या नाहीत. नेच्याला नळ्या आहेत, पण बी नाही. मोरपंखीला बी येतं, पर फूल-फल नहीं, बी उघडंच राहतं. जे सोळा गेले ना, ते सगळे फूलवाले."

"म्हणजे चोराने फक्त सपुष्प वनस्पती नेल्या!"

हे वाक्य उच्चारताना मला कमालीचं बरं वाटलं. इतका सुशिक्षित चोर माझ्या वाट्याला यापूर्वी आला नव्हता.

पहिला संशय मी शेजारच्या दामोदरजींच्या बकरीवर घेतला.

"बाबा, बकरी धोत्रा खात नाही. और बकरी फडक्याची घडी घालेल का?"

घडीचा मुद्दा बिनतोड होता. मी घडी मोजली. चार पदरी, कडेला कड लावून. "चोर फौजेत होता," मी जाहीर केलं. मग आठवलं की झाशीत निम्मी गल्ली फौजेतून निवृत्त झालेली आहे. तेव्हा मी मऊरानीपूरच्या जडीबुटी टोळीकडे वळलो. अशी टोळी असल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण सकाळी मऊरानीपूरची बस आमच्या चौकात विनाकारण हळू झाली होती. आभा म्हणाली की तिथे गतिरोधक आहे. शेवटी मी तिच्या वर्गातल्या परागचं नाव घेतलं.

"परागनेच तर मला नेचा दिला, बाबा."

"स्वतः दिलेला नेचा तेवढा त्याने सोडला. बघ!"

आभाने माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेने कारखान्यातले साहेब माझ्या वार्षिक अहवालाकडे बघत.

मग मी भांडारातली पद्धत वापरायचं ठरवलं. आभाचं पुस्तक उघडलं आणि सगळ्या गल्लीचं वर्गीकरण करून टाकलं. मुळं नसलेले म्हणजे भाडेकरू. नळ्या नसलेले म्हणजे ज्यांच्याकडे पाणी येत नाही ते. बी उघडं पडलेले म्हणजे ज्यांची घरची भांडणं आपल्याला ऐकू येतात ते. तक्ता फार सुबक झाला. फक्त आमचं घर तिन्ही रकान्यांत येत होतं.

घराची झडती मात्र मी कसून घेतली. माळा, मोरी, कपाटामागची फट, काही सोडलं नाही. एक देवघर तेवढं राहिलं. आंघोळीशिवाय देवघरात पाऊल टाकायचं नाही असा लीलाचा कायदा आहे आणि तपासाच्या धांदलीत माझी आंघोळ राहून गेली होती. तपास दुपारी एकला सुरू झाला होता, पण ते असो.

तीनला मधू भांडी घासायला आली. ती आमच्याकडे सकाळी केर-फरशी करते आणि दुपारी भांडी. तिने रडवेल्या आभाकडे पाहिलं, मग माझ्या भिंगाकडे पाहिलं.

"का हिरा गओ, बाबूजी?" काय हरवलं, असं ती तिच्या बुंदेलीत विचारत होती.

मी तिला गंभीरपणे घटनाक्रम सांगितला. सपुष्प, अपुष्प, फौज, टोळी, सगळं. तिने पुरतं ऐकून घेतलं आणि नळ सोडला.

"पत्ता? पत्ता तौ पूजा में धरे हैं. सबेरे हमईं ने तौ उतै पोंछा लगाओ. पर्चियन समेत धरे हैं."

आम्ही तिघं देवघराच्या दाराशी गेलो. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. आत चौरंगावर वाळूचं शिवलिंग होतं आणि त्याच्यावर आभाची सोळाच्या सोळा पानं, चिठ्ठ्यांसकट. महादेवाच्या माथ्यावर मँजिफेरा इंडिका, आपला आंबा होता. पायथ्याशी सायनोडॉन डॅक्टिलॉनची जुडी, म्हणजे आपल्या दूर्वा. धोत्र्याच्या शास्त्रीय नावावर कुंकू सांडलं होतं.

आणि तिथे उभ्या उभ्या मला सकाळ आठवली.

आदल्या दिवशी लीलाने मला पत्री आणायला पाठवलं होतं. महाराष्ट्रात सोळा पत्रींची जुडी बाजारात आयती मिळते. इथे ती दारोदार फिरून मागावी लागते. मी पिशवी घेऊन निघालो, दामोदरजींच्या फाटकापाशी काही संशयास्पद पाऊलखुणा दिसल्या, आणि पत्री साफ विसरलो. पाऊलखुणा माझ्याच होत्या. सकाळी मी चहा पीत असताना लीला देवघरातून आली आणि म्हणाली, "यंदा प्रथमच सोळाच्या सोळा आणलीत हो. आणि नावंसुद्धा लिहून! शोभलात."

कसल्या सोळा, असं कुठल्याही माणसाने विचारलं असतं. गुप्तहेराने तर विचारायलाच हवं होतं. मी "हं" म्हटलं आणि चहा प्यायलो. लीलाने मला शाबासकी द्यावी असं लग्नानंतर फार वेळा घडलेलं नाही. घडलं, तेव्हा चौकशी करून ती घालवावी असं मला वाटलं नाही.

साडेचारला लीला आली. उपासाने तोंड सुकलं होतं. आभाने सगळं एका दमात सांगितलं.

"अगं बाई! मला वाटलं ह्यांनीच आणून ठेवली," लीला म्हणाली. "शेवाळ आणि ती मोरपंखी देवाला कशी चालणार, म्हणून मी टोपलीतच ठेवली. पण आता वाहिलेली पत्री काढायची नाही, राजा. उद्या उत्तरपूजा झाल्यावरच. आणि तोवर ती सुकून जाईल गं."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "पत्री मी आणलीच नव्हती."

"मग सकाळी मी वाखाणलं तेव्हा गप्प का बसलात?"

माझ्याकडे तीन सिद्धान्त तयार होते. आभाचे सुजलेले डोळे बघून एकही सांगवला नाही.

"बरं वाटलं," मी म्हणालो.

 लीलाने खुंटीवरची पिशवी काढून माझ्या हातात दिली. "हिची सोळा आणा. उद्याच्या गणपतीची एकवीस आणा. आभा बरोबर येईल, नाहीतर परत पाऊलखुणा बघत बसाल. आणि निघण्याआधी आंघोळ करा."

दोन तास आम्ही नगऱ्यात फिरलो. आभा मला पानाच्या शिरा दाखवत होती. सरळ समांतर गेल्या तर एकदल, जाळी झाली तर द्विदल. चौतीस वर्षं मी नट आणि बोल्ट वेगळे केले, पण एवढी सोपी खूण मला कुणी शिकवली नव्हती. दामोदरजींच्या फाटकातली बोर मी स्वतः ओळखली. काटा बोटात गेल्यावर ओळखली, पण ओळखली. तेव्हा कुठे ती हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गणपतीपुढे मोदकाच्या पानावर बसणार, एवढ्यात आभा परीक्षेहून आली. चप्पलसुद्धा न काढता दारातूनच ओरडली, "हो गया! सगळे नमुने सरांनी पास केले!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सर पूछ रहे थे, इतने ताज़े सैंपल किसने इकट्ठे किए? मी सांगितलं, माझ्या बाबांनी."

लीलाने वाढता वाढता हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. समोर तूप घातलेला मोदक होता. "हं" म्हणून तो तोंडात टाकणं अगदी सोपं होतं.

"सोळातले नऊ," मी म्हणालो. "बाकीचे तिचे."

लीलाने माझ्या पानात आणखी एक मोदक वाढला.