हलर थांबवायचा नाही!

धंदा कसा चालवावा, हे मला बाबांपेक्षा चांगलं कळतं, अशी माझी ठाम समजूत होती. हसू नका! मी सहावीपासून नागपूरला आत्याकडे शिकले होते, नंतर सात वर्षं वाचनालयात नोकरी केली होती. छप्पन साली आषाढात बाबा गेले आणि आमची कामठ्याची धान कांडायची गिरणी चालवायला मी परतले, तेव्हा माझ्या ट्रंकेत लुगडी चार होती आणि पुस्तकं अकरा! त्यांतलं एक खास लहान धंदेवाल्यांसाठी लिहिलेलं. त्यातली दोन वाक्यं मी पाठच केली होती. यंत्र थांबले की धंदा थांबला. आणि, ज्या कामाचे कारण सांगता येत नाही ते काम बंद करावे.

दसरा झाला, हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान निघाला आणि गावात नव्याची गडबड सुरू झाली. आमच्याकडे नव्या धानाचा पहिला भात आधी घरच्या देवाला दाखवतात, मग माणसं खातात. तेच 'नवं'. त्यासाठी एकेक बाई दोन-दोन पायल्या धान घेऊन यायची. इंजिनवाला बिसराम एकीचा धान कांडायचा, इंजिन बंद करायचा, हलर, म्हणजे धान सोलायचं यंत्र, उघडायचा आणि कान कोरावा तसा आतला कोपरान् कोपरा कुंच्यानं झाडायचा. मग दुसरीचा धान. मी घड्याळ लावलं. कांडायला सात मिनिटं, झाडायला वीस!

"बिसराम, हे काय?"

"झाडून रायलो जी."

"कशासाठी?"

"आता कशासाठी म्हंजे... मालक झाडत."

कारण सांगता येत नाही! अगदी पुस्तकात होतं तस्सं!

दुसऱ्या दिवशी सात बायका टोपल्या ठेवून वावरात कामाला गेल्या. मी बिसरामला म्हटलं, "सगळा हलका धानच ना? मग टाक एकदम. नंतर मापून वाटून देऊ."

"नोको जी, बाई. मालक असते तर—"

"बिसराम, आता मालक कोण?"

वाक्य तोंडातून गेलं आणि आम्ही दोघंही दाराकडे बघू लागलो. दारात कुणी नव्हतं. बिसरामनं मुकाट्यानं सातही टोपल्या ओतल्या.

पाऊण तासात काम फत्ते! मी तांदूळ मापला, सात वाटे केले, प्रत्येकावर सुरेख अक्षरात नावाची चिठ्ठी लावली. गावात ती चिठ्ठी वाचू शकणारी बाई मी एकटीच, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पहिल्या आल्या शकुंतलाबाई. टोपलीत हात घातला आणि थांबल्या.

"हा कोनाचा?"

"तुमचा. चिठ्ठी बघा ना!"

"चिठ्ठीले काय चाटू? माह्या धानाच्या बांधीत लाल दाना असते. इथं चारच दिसून रायले. बाकीचा कोनाचा?"

"सगळ्यांचा मिळून! एकदम कांडला. केवढा वेळ वाचला!"

मागं मंदाबाई उभ्या होत्या. "सगळ्याईचा? हिचा बी?"

आता एक सांगायला हवं. या दोघींची वावरं शेजारी. मधल्या वीतभर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नऊ वर्षं अबोला. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्याच्या मार्फत. तिसरी मी!

"नवं होय थे!" शकुंतलाबाई कडाडल्या. "ज्याईचं नवं एक, थे एका चुलीचे. आता काय या मंदीले माही जाऊ मनू?"

"वच्छला, हिले सांग, हिची जाऊ होण्यापरीस मी हिरीत उडी घेईन!"

"वच्छला, हिले सांग, हीर माह्या वावरात हाये. मले इचारून घे मनाव!"

तोवर बाकीच्याही आल्या. गिरणीच्या अंगणाची मंडई झाली! परवा नवं, आणि पिकलेला धान तेवढाच, उरलेला अजून हिरवा. मी सूप घेऊन लाल दाणे निवडायला बसले. बऱ्याच वेळानं एक मूठ झाली.

"चालू दे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पुढच्या सालच्या नव्याले होईल."

मग कुणीतरी म्हणालं, "उद्यापासून धान तिरोड्याच्या गिरनीले." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला फार भीती वाटली. सात घरं आणि त्यांचे सोयरे मिळून अर्धं गाव. गिऱ्हाईक तुटलं की गिरणीतले भागीदार असलेले माझे काका ती विकणार, हे ठरलेलंच होतं.

मी इंजिनामागं गेले. बिसराम हळूच म्हणाला, "बाई, एक सांगू? किती बी झाडा, जाळीखाली दाने रायतेच. तिथं कुंचा जातच नाई. दरसाली अर्धं गाव एकमेकाचं नवं खाते. मालकाले मालूम होतं."

"मग झाडत कशाला होते?"

"बाया पायत ना जी. तितक्यात मालक इचारे, कोनाचं पोट दुखते, कोनाची पोरगी सासरी नांदते का नाई..."

बाहेर जाऊन 'हे दरवर्षीच होतं' एवढं म्हटलं असतं, तर मी सुटले असते. आणि बाबांचा कुंचा उभ्या गावात खोटा ठरला असता. अशा वेळी काय करावं, ते अकरांपैकी एकाही पुस्तकात नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांना विचारायला मी तीन महिने उशिरा आले होते.

मी बाहेर गेले. "चूक माझी. बाबा असते तर असं झालं नसतं."

मग सगळ्यांत वडील शामकलाबाई म्हणाल्या, "बापावानी कबूल तं झाली. आता सात घरचं नवं इथंच शिजू द्या, एका हंड्यात. या सालापुरतं."

तिसऱ्या दिवशी अंगणात एक हंडा चढला. इंजिन दिवसभर बंद! सात देवांची सात पानं निघाली, मग माणसं बसली. मंदाबाईंनी भात वाढला. शकुंतलाबाईंनी घास घेतला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलल्या, "कच्चा हाये."

"तुह्या लाल दान्यापायी!"

आणि दोघी पोटभर जेवल्या. आमच्या घरी दुखवटा, म्हणून नवं नव्हतं. मी पाणी वाढत होते, आणि आणखी एक पान मांडायचं राहून गेलं, असं मला सारखं वाटत होतं.

धान तिरोड्याला गेला नाही. पुढच्या आठवड्यापासून हलर मी स्वतः झाडू लागले. झाडता झाडता पोटदुखी विचारायची, लेकीबाळी विचारायच्या. बाबांना वीस मिनिटं लागत, मला चाळीस! रांग पार रस्त्यावर गेली. शेवटी शकुंतलाबाई रांगेतून ओरडल्या, "वच्छला, किती झाडतं वो! यापरीस तुहा बापच बरा होता!"

"खरंच बरा होता," मी म्हणाले. इंजिन बंद होतं, त्यामुळे ते साऱ्या रांगेला ऐकू गेलं.