जेबेल जैसवर हीटर बंद

“अर्धी म्हणे! थंडीत रेंज अर्धी! ह्यांच्या आजोबांनी चालवली होती इलेक्ट्रिक गाडी!”

राजाभाऊंच्या तोंडात टूथब्रश होता. त्यामुळे अर्धा संताप बेसिनमध्ये वाहून गेला आणि उरलेला स्वयंपाकघरात थालीपिठं थापणाऱ्या शोभनाच्या कानावर आला. संताप एका रिव्ह्यूवर होता. कुठल्याशा बर्फाळ देशात एका मासिकवाल्याने नेमकी राजाभाऊंसारखीच गाडी चालवली आणि जाहीर केलं, की थंडीत ती एका चार्जमध्ये निम्मंच अंतर जाते. दुसऱ्या मासिकाने लिहिलं, छे, पाव भागच घटतं. तिसऱ्याने त्या दोघांनाही खोटं पाडलं.

आता शारजात, अल नहदात राहणाऱ्या माणसाला ह्याचं काय? इथे उन्हाळ्यात स्टीअरिंग धरायला फडकं लागतं! पण शोभनाच्या धाकट्या भावाने, परेशने, तो रिव्ह्यू महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “भावोजी, जपून!”

झालं! राजाभाऊंनी तिथल्या तिथे विडा उचलला. शनिवारी जेबेल जैस चढायचा. अमिरातीत खरी थंडी मिळते ती त्या डोंगरावरच. रेंज घसरली, तर राजाभाऊंनी ग्रुपवर लिहायचं, ‘परेशचं बरोबर होतं.’ नाही घसरली, तर परेशने लिहायचं, ‘भावोजींचं बरोबर होतं.’ ‘दुसऱ्याचं बरोबर’ हे शब्द राजाभाऊंच्या तोंडून आजवर निघाले नव्हते, आणि हरलेले राजाभाऊ महिनाभर कुणाच्या हातचं गोड मानत नसत.

“हीटर लावायचा नाही!” निघताना बायको, लेक आणि मेहुण्यावर हुकूम सुटला. “गाडीत ‘थंडी’ हा शब्द काढायचा नाही. इरा व्हिडिओ कॉल लावतेय, सगळं मंडळ बघणार आहे. यल्ला, चला!”

डोंगर लागला. आखातातलं कुटुंब, चौघांत मिळून स्वेटर दीड! शोभनाने टेबलक्लॉथ पांघरला.

“कसं वाटतंय मंडळी?” राजाभाऊंनी विचारलं.

“छा-छा-छान!” मागून परेश म्हणाला. त्याचं नाक गाजर झालं होतं.

“इरा?”

“आय कान्ट फील माय टोज, पप्पा.”

“म्हणजे मजेत आहे!” राजाभाऊंनी मंडळाला कळवलं.

बॅटरीचा आकडा मात्र पाहुणे आल्यावर डब्यातल्या चकल्या उतरतात तसा उतरत होता. “चढ आहे,” राजाभाऊ म्हणाले. मग म्हणाले, “वारा समोरचा आहे.” मग म्हणाले, “शोभना, थालीपिठं जरा जास्तच घेतलीस!”

तेवढ्यात शोभनाच्या लक्षात आलं, की आपले गुडघे डोंगरापेक्षाही गार पडलेत. तिने पुढच्या जाळीसमोर हात धरला. गारेगार झोत! पडद्यावर निळी चांदणी चमकत होती. एसी चालू होता, फुल! गाडीत बसल्याबसल्या राजाभाऊंच्या बोटाने सवयीने बटण दाबलं असणार. इथला माणूस एक वेळ चष्मा विसरेल, पण एसी लावायला विसरणार नाही!

आता सांगावं, तर सगळं मंडळ ऐकतंय. नवऱ्याचं हसं होणार. तिने हळूच बटणाकडे हात नेला.

“हात लावायचा नाही!” राजाभाऊ कडाडले. “उद्या म्हणतील, बायकोने गुपचूप हीटर लावला!”

तिने भुवया उडवल्या. खोकली. हनुवटीने खुणावलं.

“मान आखडली का तुझी?” राजाभाऊंनी मायेने विचारलं.

तिने मागे पाहिलं. इरा ओठ चावत कॅमेरा खिडकीबाहेर धरून बसली होती. तिला कळलं होतं! आणि परेश? तो त्या निळ्या चांदणीकडे दिवाळीतल्या आकाशकंदिलाकडे बघावं तसा टक लावून बघत होता. एसी जितका चालेल, तितकी बॅटरी उतरेल आणि तितका ह्याचा विजय जवळ येईल! शोभनाने थोरल्या बहिणीचे डोळे वटारले. त्याने कुडकुडतं बोट ओठांवर ठेवलं.

माथा आला. बाहेर धुकं. राजाभाऊंना आनंद मावेना. “घ्या, ताजी हवा घ्या!” म्हणत त्यांनी चारही काचा खाली केल्या.

परेश उडालाच. त्याने अख्ख्या मंडळासमोर हात जोडले.

“भावोजी, तुमचंच बरोबर! रिव्ह्यू खोटा, मासिकं खोटी, मी खोटा, आत्ता लिहून देतो! पण मला थंडी वाजतेय हो, आधी तो एसी बंद करा!”