मीटिंगमधली चित्रवही

रोज पंधरा मिनिटं चित्र काढायचं, असं हेडक्लार्कनं पन्नासाव्या वाढदिवशी ठरवलं आणि जाड कागदाची एक वही आणली. शाळेत त्याचा हात बरा होता. मधली पस्तीस वर्षं जरा गडबडीत गेली, एवढंच.

घरी पंधरा मिनिटं मिळतील, ही त्याची भाबडी समजूत. पहिल्याच संध्याकाळी तो खिडकीतली कुंडी काढायला बसला, तर बायको म्हणाली, "रिकामे बसलाच आहात तर जरा लसूण सोला." दुसऱ्या दिवशी तो रिकामा बसलाच होता म्हणून माळ्यावरच्या बॅगा खाली आल्या. आठवडा झाला तरी कागदावरच्या कुंडीत रोप काही उगवलं नाही.

शेवटी त्याला सोमवारची मीटिंग सुचली. साहेब बोलायला लागले की तासभर थांबत नसत, आणि ऐकण्यासारखं पहिल्या पाच मिनिटांतच संपे. वही मांडीवर घ्यायची, साहेबांकडे रोखून बघायचं, खाली रेघ ओढायची. कुणालाही वाटावं, बिचारा टिपणं घेतोय. त्या सोमवारी साहेबांचं नाक जमलं आणि गडी शीळ घालत घरी गेला.

गोची अशी झाली, की साहेबांनाही तसंच वाटलं. आपला शब्द न् शब्द टिपून घेणारा माणूस त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. त्यांना चेव चढला. मीटिंग दोन तासांची झाली, मग आठवड्यातून तीनदा, मग रोज.

कॅशिअरबाईंनी हेडक्लार्कला जिन्यात गाठलं. "तुमच्यामुळं चाललंय हे सगळं. जरा कमी मन लावा. अधूनमधून जांभया द्या."

त्याला फार अपराधी वाटलं. पण हात इतका छान बसत चालला होता, की त्यानं जांभई काही दिली नाही.

आणि एका मंगळवारी साहेब म्हणाले, "कालचे मुद्दे जरा तुमच्या वहीतून वाचून दाखवा."

हेडक्लार्कचं धाबं दणाणलं. "अक्षर फार वाईट आहे, साहेब."

"द्या इकडे. मी लावतो."

साहेबांनी पान उलटलं. पुढचं उलटलं. साहेब बोलताना, साहेब बोट नाचवताना, साहेब मुद्द्यावर येताना. अशी एकसष्ट पानं. मग त्यांनी वही बगलेत मारली आणि ते निघून गेले. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, हेडक्लार्कचा जीव वहीत अडकला होता.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सगळं ऑफिस खूश, आणि हेडक्लार्क घरी लसूण सोलतोय. चौथ्या दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. वही टेबलावरच होती.

"घरी दाखवली. ही म्हणाली, एकसष्ट चित्रांत तुमचं तोंड एकदाही मिटलेलं नाही."

"साहेब, मी आपलं जसं दिसतं तसं..."

"असू दे. आता मिटलेलं काढा. रोज चारला या, पंधरा मिनिटं मी गप्प बसतो. चित्र जमलं की मीटिंगा पुन्हा सुरू करू."

हेडक्लार्कनं टेबलावरची वही उचलून छातीशी धरली. त्या दिवसापासून चारच्या ठोक्याला तो केबिनमध्ये असे.

आठवड्यानं कॅशिअरबाईंनी विचारलं, "कुठवर आलं हो चित्र?"

"झालंच म्हणायचं. ओठ अगदी हुबेहूब उतरलेत."

बाईंनी ड्रॉवरमधून कोरं खोडरबर काढलं आणि शांतपणे त्याच्या हातावर ठेवलं.