कोनता बे होय हा?

वडसा गावातल्या माझ्या सायबर कॅफेत सत्तारचाचा पडद्यावर आलेला प्रत्येक 'बे' दोनदा मोठ्यांदा वाचत. एकदा लाडानं, एकदा रागानं. "काऊन बे?" आणि मग "काऊन बे!" शेजारचं नवं गिऱ्हाईक दचकून "मी काय केलं?" म्हणून उठे.

चाचांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. दुपारभर पायरीवर पट मांडून ते नामदेवभाऊंशी बुद्धिबळ खेळायचे. नामदेवभाऊ वारले, तसे चाचा दुकान सुनेवर सोपवून माझ्याकडे येऊ लागले. इंटरनेटवर बुद्धिबळ खेळणाऱ्या मराठी मंडळींची एक गप्पांची खोली होती. तिथे ते इतके दिसत, की साइटवाल्यांनी त्यांनाच पंच करून टाकलं. कुणाला गप्प करायचं, कुणाला हाकलायचं, ते आता चाचांच्या हाती.

"बांगड्या भरल्यावानी काम हाये हे," ते मला सांगत. "हात तं दाबाच लागते बाबू, पन बांगडी फुटली नाई पाह्यजे."

कुणी शिवी दिली की चाचा लिहीत, "जा, पानी पिऊन ये," आणि त्याला दहा मिनिटं बाहेर ठेवत. परतला की विचारत, "पेला का?" नाही म्हणणारा पुन्हा बाहेर! पंचाचा अपमान केला तर मात्र कायमची हकालपट्टी, हा साइटचाच नियम होता. एका डॉक्टरला चाचांनी तसं काढलं, आणि त्या दिवशी स्वतःच जेवले नाहीत. सून माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती.

खरी डोकेदुखी 'बे'ची. 'काऊन बे' म्हणजे 'का रे'. आमच्याकडे जवळच्या माणसाला बे म्हणतात, आणि भांडतानाही बेच म्हणतात. सगळा फरक आवाजात, आणि पडद्याला आवाज नाही. म्हणून चाचांचं ते वाचन. "कोनता बे होय हा? प्रेमाचा का भांडनाचा?"

मूल गावच्या भातगिरणीतला एक गडी लहानथोर न बघता सगळ्यांनाच बे म्हणायचा. तोंडाळ, पण त्याच्यामुळे खोलीत हशा असे, मलाही तो आवडायचा. एक दिवस त्यानं चाल खेळायला वेळ लावणाऱ्या पुण्याच्या एका काकांना लिहिलं, "काऊन बे, झोपला का?" काका भडकले. त्यांनी रीतसर तक्रार केली.

चाचांनी दोनदा वाचलं. "प्रेमाचाच होय," ते पुटपुटले. "पन त्यांले टोचलं ना. मंग झालं." आणि गड्याला पाणी प्यायला धाडलं.

दहा मिनिटांनी तो परतला आणि त्यानं थेट पंचालाच लिहिलं, "काऊन बे चाचा, घुस्सा करून राह्यला का?"

"पंचांनाच बे! आता नियम लावा," काकांनी लगेच लिहिलं. गड्याला हाकलायला चाचांना एक बटण दाबायचं होतं, आणि नियमाला ते पक्के.

चाचांनी ओळ वाचली. लाडानं. मी रागाच्या वाचनाची वाट बघत होतो, ते आलंच नाही. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि पुसतच राहिले.

"चाचा?"

"नामदेव रोज सडकेच्या त्या बाजूनंच आवाज द्यायचा. काऊन बे सत्तार, पट मांडला का?" ते म्हणाले. "आता सारे चाचा म्हनतेत, तुमी म्हनतेत. तो गेल्यापासून मले कोनी बे म्हनलं नाई रे."

एवढा मान मिळणारा माणूस इतका एकटा असेल, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

चाचांनी चष्मा चढवला आणि एका बोटानं काकांना लिहिलं, "काका, तुमाले कोनी बे म्हननार नाई, हा माया शब्द. पन हा बे मले होता. माया अपमान झाला नाई."

मग त्या गड्यासाठी दोनच शब्द टाइप केले. पाठवण्याआधी ते त्यांनी मला वाचून दाखवले, एकदाच.

"खेळ बे."