हवेचं भाडं

वजनातलं मला कळत नाही असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय! एकतीस वर्षं मी आमच्या ओरोशहाझा गावच्या पिठाच्या गिरणीत वजनकाट्यावर काढली. ट्रक फाटकातून आत वळला, की नुसते टायर किती दबलेत ते बघून मी गव्हाचा आकडा सांगायचो.

म्हणून बायकोच्या दुलया ऑनलाइन विकायचं ठरलं, तेव्हा पाठवणीचं खातं मी छाती पुढे काढून स्वतःकडे घेतलं.

माझी बायको पिरोश्का पाळीव हंसांच्या मऊ पिसांच्या दुलया शिवते. आमच्या भागात तिच्या हाताला नाव आहे. पण शनिवारच्या बाजारात विकून विकून विकणार किती? इथल्या प्रत्येक घरात आजीच्या लग्नातली दुलई अजून ठणठणीत! त्यातून पिरोश्काचं शिवणयंत्र आता शिवताना खोकायला लागलं होतं. नवं हवं होतं, आणि नव्याची किंमत ऐकून मलाच खोकला आला होता.

"ऑनलाइन टाकू," मी म्हणालो. "सगळा देश गिऱ्हाईक!"

"आणि पाठवायचा खर्च?"

"अगं, पिसं आहेत ती! पिसांना कसलं आलंय वजन? दोन किलो शंभर ग्रॅमची दुलई! लोक चिनी मातीची भांडी पाठवतात, लोखंडी तवे पाठवतात, ते रडू देत. आपण हसायचं!"

आणि मी जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहून टाकलं: घरपोच, फुकट! फुकट लिहिलं की त्या ऑनलाइन बाजारात माल वरच्या रांगेत दिसतो म्हणे.

तिसऱ्याच दिवशी पहिली दुलई गेली. तीस हजार फोरिंट! मी ती भल्यामोठ्या खोक्यात बाळासारखी झोपवली आणि कुरिअरच्या दुकानात नेली. तिथे काउंटरवर मेलिंदा असते. माझ्या गिरणीतल्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी, एवढीशी असल्यापासून बघतोय. तिने खोकं काट्यावर ठेवलंच नाही. टेप काढली. लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली.

"अठ्ठेचाळीस किलो," ती म्हणाली.

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय.

"मेलिंदा, काट्यावर ठेव की! दोन किलो शंभर ग्रॅम आहे!"

"दुलई असेल, लोरांदकाका. खोकं अठ्ठेचाळीसचं आहे. मोठ्या खोक्याचं भाडं आकारमानावर लागतं. गाडीत जागा किती खातं, त्यावर."

"पण आत नुसती हवा आहे!"

"हवेचंच भाडं आहे, काका. नऊ हजार नऊशे."

एकतीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला कुणी असं बोलावं? मी पैसे भरले.

घरी पिरोश्का कागद-पेन्सिल घेऊनच बसली होती. बाजाराचं कमिशन साडेचार हजार. पैसे वळते करायचे सहाशे. वरच्या रांगेत दिसायचे दोन हजार. ("फुकट लिहिलं की वर दिसतं म्हणालास ना?" "आणखी वर दिसायचे वेगळे!") खोकं आणि चिकटपट्टी बाराशे. कापड आणि पिसं साडेअकरा हजार. आणि हवा, नऊ हजार नऊशे.

"तीनशे उरले," ती म्हणाली.

"तीनशे म्हणजे तीनशे हजार?"

"तीनशे फोरिंट. चार दिवस शिवून. एक खारा पोगाचा बन येईल. तोही निम्मा तुझा."

मी हार मानणारा नाही. भाडं हवेचं असेल, तर हवाच काढून टाकायची! व्हॅक्यूम क्लीनर लावून हवा ओढून घेतात ना, तसल्या पिशव्या मी मागवल्या. दुकानातल्यापेक्षा स्वस्त, ऑनलाइनच. पिशव्या चौदाशेच्या आणि त्यांचं पोस्टेज नऊशे! लूट आहे नुसती. विकणाऱ्यांना काही लाजच राहिलेली नाही.

आणि नेमकी त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर आली! एगरच्या एका पाहुणेघराची मालकीण, एमेशे नावाच्या बाई. बारा दुलया! एकदम! मी अंगणात दोनदा धावलो. पिरोश्का धावली नाही, पण तिने जुन्या यंत्राकडे बघितलं आणि त्याला हळूच थोपटलं. निवृत्त होणाऱ्या माणसाला थोपटतात तसं.

बारापैकी नऊ तयार होत्या, तीन तिने रात्रीचा दिवस करून शिवल्या. बुधवारी सकाळी मी मोहीम सुरू केली. हवा ओढायला क्लीनर होता, पण वरून दाबायला वजन हवं होतं. शेजारच्या वेंदेलकाकांना बोलावलं. एकशे दहा किलो, हे काट्याशिवाय सांगतो.

"मी फक्त बसायचं?" काकांनी विचारलं.

"फक्त बसायचं."

"आणि पालिंका मिळणार?"

"दर दुलईला एक घोट."

"सहाव्यानंतर मी आडवा होईन."

"तर आणखी चांगलं! दाब सगळीकडे सारखा बसेल!"

काय सांगू, बारा गुबगुबीत दुलया पापडासारख्या चपट्या झाल्या! चार-चार करून तीन खोक्यांत बसवल्या. हिशेब केला: एका खोक्याचं भाडं सहा हजार, म्हणजे दुलईला फक्त दीड हजार! पिरोश्काने पिशवीच्या झिपवरून बोट फिरवलं.

"लोरांद, ही धरेल ना रे?"

"काकांना धरलं, प्रवासाला नाही धरणार?"

काका तोवर सोफ्यावर घोरत होते. आम्ही दोघं खोकी घेऊन निघालो.

दुकानात रांग होती. आमच्या पुढे लाल टोपीवाल्या एक बाई. खोकी जमिनीवर ठेवून मी आरामात उभा राहिलो, आणि शांततेत आवाज आला.

फुस्स.

बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"बाई, तो मी नव्हे! दुलई आहे!"

"सगळे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या आणि एक पाऊल पुढे सरकल्या.

फुस्स. फूऽऽस! आता तिन्ही खोक्यांतून. चिकटपट्टी करकरायला लागली.

"मेलिंदा! आधी आमचं मोज! लवकर!"

रांगेतल्या लोकांनी भल्या मनाने वाट दिली. बहुतेक हवा खराब होईल या भीतीने. मेलिंदाने पहिलं खोकं घेतलं.

"उंची चाळीस... थांबा, सेहेचाळीस. साडेसत्तावीस किलो धरू—"

"चाळीसच होती! चाळीस लिही!"

"काका, आता पंचावन्न झाली. तेहेतीस किलो."

"अगं, मग बोलतेस काय? लिही ना!"

"लिहीपर्यंत वाढतंय!"

मी खोक्यावर चढून बसलो. पण मी सत्तर किलोचा माणूस, माझ्यात वेंदेलकाका कुठले? खोकं मला घेऊन हळूहळू वर यायला लागलं. मग पट्टी फाटली आणि चारही दुलया ताज्या दमाने बाहेर आल्या. मी खाली. त्यातल्या एकीचा कोपरा मेलिंदाच्या पट्टी कापायच्या पात्यात अडकला. मी ती ओढली. ओढायला नको होती.

टर्रकन फाटली! दुकानात बर्फ पडायला लागला. पिसं काउंटरवर, पिसं रांगेवर, पिसं मेलिंदाच्या चहात. मेलिंदा शिंकत-शिंकत आकडे लिहीत होती. तिची एकेक शिंक पिसांचा आणखी एक ढग उडवत होती. मागे दुसरं आणि तिसरं खोकंही मोकळं झालं.

"आता याला... आक्छी! बारा खोकी लागतील, काका. लाखाच्या वर जाईल!"

पिसांच्या ढिगात बसून मला पहिल्यांदा खरंच रडू आलं. नवं यंत्र गेलं, पिसांत घातलेली पिरोश्काची शिल्लक गेली. मी हळूच तिच्याकडे बघितलं. ती चिडलीच नव्हती. फाटकी दुलई मांडीवर घेऊन पिसं परत आत भरत होती. लाल टोपीवाल्या बाई तिच्या शेजारी बसून दुसरी दुलई गालाला लावून बघत होत्या.

"अगंबाई, काय ऊब आहे! केवढ्याला?"

"तीस हजार. इथे घेतलीत तर पंचवीस. भाडं नाही, कमिशन नाही."

"मला दोन करून द्या. मार्चपर्यंत चालेल."

रांगेतल्या आणखी एका माणसाने आपला नंबर लिहून दिला. त्याच्या भुवईवर पीस होतं, ते त्याला कुणी सांगितलं नाही.

पण एगरचं काय? एमेशेबाईंना फोन करणं आलंच. मी आवाज शक्य तितका भारदस्त केला, वाहतुकीतल्या अनपेक्षित अडचणी, हवामान, दाब वगैरे बोललो. पलीकडे त्या काहीतरी सांगू बघत होत्या, पण मी बोलणं थांबवलं तर ऑर्डर रद्द होईल अशी मला भीती! शेवटी पिरोश्काने फोन हिसकावला.

"हं... हो... बरं. रविवारी. या की, जेवायलाच या!"

"काय म्हणाल्या?"

"रविवारी स्वतः व्हॅन घेऊन येतायत."

बघा! असं वळवायचं गिऱ्हाईक! पुढचे चार दिवस मी गावभर हेच सांगत होतो. बेकरीत सांगितलं, वेंदेलकाकांना दोनदा सांगितलं, मेलिंदाचं दुकान झाडायला गेलो तेव्हा तिलाही सांगितलं. लाखाचं भाडं मी एका फोनवर वाचवलं, सगळा खेळ आवाजाचा असतो! पिरोश्का शेजारी उभी राहून मान डोलवायची.

रविवारी एमेशेबाई आल्या. बारा दुलया, शिवून घेतलेल्या फाटकीसकट आणि हवेसकट, व्हॅनमध्ये सहज मावल्या. शेवयांचं गरम सूप झालं, भरलेल्या मिरच्या झाल्या, बाईंनी सहा उशांची ऑर्डर वर दिली. बाजाराचं कमिशन जाऊनही नव्या यंत्राचे पैसे जमले होते. पिरोश्काचे गाल नुसते चमकत होते. मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, "बाई, त्या दिवशी फोनवर तुम्ही माझं ऐकलंत, हा तुमचा मोठेपणा!"

एमेशेबाई गोंधळल्या.

"अहो, पण मी ऑर्डरखालीच लिहिलं होतं की! 'रविवारी मी तिकडे गरम पाण्याच्या कुंडांवर येणार आहे, दुलया स्वतःच नेईन, कृपया पाठवू नका.' फोनवरही तेच सांगत होते."

मी पिरोश्काकडे बघितलं. बुधवारपासून माहीत होतं तिला! चार दिवस गावभर मला बोलू दिलं!

"आणखी सूप वाढू?" तिने विचारलं.

वाढ म्हणालो. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.