खडूच्या दोन गाड्या

मोकाशी काका गाडीच्या शोरूममध्ये शिरले की इंजिनाकडे ढुंकूनही बघत नाहीत. चपला बाहेर काढतात, मागचं दार उघडून आत बसतात आणि डोळे मिटतात. सेल्समन मायलेज सांगत असतो. काका एक बोट वर करतात. "थांब रे, बूड काय म्हणतंय ते ऐकू दे."

हे आमचे शेजारी. बदलापूरला कुळगावात आमच्या समोरच्या दारात राहतात. आनंदनगरच्या एका कारखान्यात जन्मभर माल पास-नापास करत होते. रिटायर झाले, पण खोड गेली नाही. आमच्याकडे चहाला आले की आधी सोफा नापास करतात, मग कप उचलतात. माझ्या माहेरचा सोफा आहे तो! तेव्हापासून मी त्यांना बिस्किटं देत नाही.

गाडी हवी होती काकूंसाठी; चालवायला ड्रायव्हर ठेवणार होते. त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, डावी बाजू अजून साथ देत नाही. त्यांचा थोरला भाऊ बारवी धरणाकडच्या गावात अंथरुणाला खिळलाय आणि काकूंना त्याला एकदा डोळे भरून बघायचंय. रिक्षाचा त्यांनी धसका घेतलेला. मी म्हटलं, भाड्याची गाडी करा. तर काका भडकले. "बिनतपासलेल्या सीटवर बसवू तिला?" झालं! भाऊ तिकडे वाट बघतोय आणि इकडे वाद, सेडान की व्हॅन.

"सेडानमध्ये बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, आणि व्हॅनमध्ये बसायचं म्हणजे माळ्यावर चढायचं. मीना, तूच सांग, माणसानं बसावं कुठे?"

"घरी बसावं," मी म्हटलं.

घरी बसतील तर ते काका कसले! उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सीट कव्हरवाल्याकडे जाऊन त्यांनी फोमचे सगळे तुकडे काढायला लावले आणि एकेकावर बसून बघितलं. दुकानदाराने हात जोडले. "साईं, पहले गाडी तो ले लो!" काकांनी त्यालाच फोमवर बसवलं आणि त्याच्या बुडाचंही मत घेतलं.

पुढे पुढे काका दिसले की शोरूमवाले डेमो गाडी धुवायला गेलीय म्हणून सांगायला लागले. तेव्हा काकांनी मेजरटेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्येच खडूने दोन गाड्या काढल्या. अगदी मापात. सेडानमध्ये सोसायटीच्या ऑफिसातलं बुटकं बाकडं, व्हॅनमध्ये विटांवर चढवलेल्या हाताच्या खुर्च्या. आणि रविवारी सकाळी आम्हाला खाली बोलावलं, प्रवासी म्हणून!

मी व्हॅनमध्ये. सेडानमध्ये माझे मिस्टर आणि तळमजल्यावरचे जाडजूड पाटील. "दारं लावा," काका ओरडले. आम्ही हवेत दारं लावली. तेवढ्यात सेक्रेटरी दुधाची पिशवी घेऊन मधूनच निघाले.

"अहो, बॉनेटवरून कुठे चाललात!"

सेक्रेटरी दचकून बाजूला झाले आणि चक्क सॉरी म्हणाले. खडूच्या गाडीला! मी कपाळाला हात लावला. मग काका "खड्डा!" म्हणाले की आम्ही उडायचं, असं सुरू झालं.

"मीना, बूड काय म्हणतंय?"

"घरी कुकर लावायचाय म्हणतंय."

"चेष्टा नको. गुडघ्यापुढे जागा कशी आहे?"

जागा ऐसपैस होती, खोटं कशाला बोलू? दोन्हीकडे हात टेकायला, कुणाचा धक्का नाही. सेडानवाले मात्र एकमेकांच्या मांडीवर यायचे बाकी होते. आम्ही एकमताने व्हॅन पास केली.

"आता खरी प्रवासी," म्हणत काका काकूंना लिफ्टने खाली घेऊन आले. व्हॅनमध्ये बसवलं, शेजारच्या खुर्चीत स्वतः बसले, मध्ये हातभर फट. काकू ऐटीत बसल्या होत्या. "छान आहे हो," म्हणाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण एक तपासलं की दुसरं तपासायलाच हवं, म्हणून काकूंना सेडानमध्ये नेलं. त्या बुटक्या बाकड्यावर टेकवताना आम्हाला दोघांना धरावं लागलं. काका त्यांच्या डावीकडे खेटून बसले.

"चल, निघालो बारवीला," काका म्हणाले.

कोवळं ऊन होतं. जरा वेळाने काकूंना डुलकी लागली. हळूहळू मान डावीकडे कलली आणि काकांच्या खांद्यावर टेकली. काकांनी खांदा थोडा खाली केला आणि हलायचे थांबले.

"मग काका, व्हॅनच ना?" पाटलांनी विचारलं.

काकांनी नुसती मान हलवली. नाही. "त्यात मध्ये फट आहे रे," ते अगदी हळू म्हणाले. "हिची मान पडली तर कुठे पडेल?"

"अहो, उशी लावा."

"उशी कशाला? मी आहे ना."

इतकी वर्षं समोर राहतात, कारखान्यातून आले की कधी बायकोशी चार शब्द बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. ऊन आता काकूंच्या तोंडावर यायला लागलं होतं. मी वाकून विचारलं, "काका, उठवू का त्यांना?"

"नको गं," काका म्हणाले. "पोचेपर्यंत झोपू दे."